इरुपमेटाची एकोणीस नावं

१

इरुपमेटा हे अख्खं गाव कागदावरून नाहीसं झालं होतं. गाव जागच्या जागी होतं, माणसं आपापल्या घरात तापानं फणफणत पडली होती. पण गोळ्यांच्या यादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. असं का झालं, ते विचारायला तिथला आरोग्यसेवक इसरू एक दिवस पायी आणि एक दिवस एसटीनं प्रवास करून चंद्रपूरला आला. सत्तावीस जून, गुरुवार, साल दोन हजार दोन. अकराच्या सुमारास तो जटपुरा गेटजवळच्या 'सितारा कॉम्प्युटर्स'च्या दारात चिखलानं भरलेल्या पायांनी उभा राहिला.

समोरच्या जिन्याखाली अयूबभाईंचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. घड्याळजी म्हणजे शांत माणूस, असा लोकांचा समज असतो. अयूबभाईंचे फक्त हात शांत होते. बाकीचा माणूस सकाळपासून चुळबुळत असे. रस्त्यात दोन सायकली एकमेकींना घासल्या तरी यांचं भिंग आधी कपाळावर जाई. त्या दिवशी समोरून दुकानमालक शहबाजचा चढा आवाज आला, त्या आवाजात आपल्या भाचीचं, फरहाचं नाव ऐकू आलं, आणि कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडंच टाकून ते रस्ता ओलांडून गेले.

'रानसाथी आरोग्य मंडळ' ही भामरागडकडच्या गावांत काम करणारी संस्था. तिचे आरोग्यसेवक तापकऱ्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत. तपासणीत ज्यांचा मलेरिया निघे त्यांचे कागद 'सितारा'त येत. इथं पुनम नावं टाइप करी, फरहा तपासून जमा करी, आणि फरहानंच लिहिलेला प्रोग्राम गावागावाची यादी छापून देई. त्या यादीवरून मंडळाच्या चंद्रपुरातल्या कचेरीत एकेका नावाची पुडी बांधली जाई. नाव नाही, तर पुडी नाही.

इसरूनं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. मागच्या गुरुवारची, वीस जूनची यादी होती ती.

"बारा नि तेरा जूनले मी सोता बोटं टोचली," तो म्हणाला. "एकोनीस जनांचा मलेरिया निघाला. जीप आली, अकरा गावाले पुड्या वाटल्या. आमच्या गावाची एक बी नाई. काऊन?"

"या पोरीमुळं," शहबाज म्हणाला. "सतरा ते एकोणीस ही वणीले लग्नाला गेली होती. वीसला सकाळी आली आन् घाईत इरुपमेटाचा कागद जमा करायचाच विसरली. मी मंडळात फोन करून तसं सांगून टाकलं. आजपासून इथी हिचं काम नाई."

"मी जमा केला होता," फरहा म्हणाली. चोवीस वर्षांची पोरगी. आवाज कापत होता, पण रागानं. "सकाळी नऊ वाजता. छापायच्या आधी."

"मंग हे काय?" शहबाजनं दुसरा कागद फडकवला. "आत्ता पुनमनं त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रामनं छापली. एकोणीसच्या एकोणीस नावं आहेत! त्या दिवशी नव्हती, आज आहेत. चूक ध्यानात आल्यावर मधात कोणीतरी गुपचूप भरली का नाई?"

"पोरगी दुकानात बसून मशिनी चालवणार?" म्हणून बिरादरीनं नाकं मुरडली होती, तेव्हा एकटे अयूबभाई सगळ्यांशी भांडले होते. आजारी माणसांची नावं गाळून वर लपवाछपवी करणारी असा शिक्का घेऊन ती या दारातून बाहेर पडली, तर चंद्रपुरात दुसरं दार उघडणार नव्हतं. शिवाय ते खरंच असेल तर? या विचाराची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शहबाजनं मनगटावर नजर टाकली. "पावणेबारा झाले. जीप चारला निघते, पुड्या बांधायला यादी दोनपर्यंत मंडळात पाहिजे. भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीचं पाणी पुलाले लागून राह्यलं म्हणते. आज जीप गेली नाई तर मंग आठ-दहा दिवस जात नाई. घे बाबा इसरू, नवी यादी घे आन् पळ."

अयूबभाईंनी मनातल्या मनात पावणेबारातून सात मिनिटं वजा केली. शहबाजची कधीकाळी परीक्षेच्या दिवशी नागपूरची एसटी हुकली होती. तेव्हापासून "चाचा, सात मिनिटं पुढंच ठेवा" असं बजावून तो घड्याळ दुरुस्तीला देई.

इसरूनं नव्या यादीला हात लावला नाही.

"मागचा कागद बी खरा म्हनूनच देल्ला होता ना तुमी?" त्यानं विचारलं. "मंग हा खरा कशावरून?"

बाहेर आभाळ पुन्हा भरून येत होतं.

"दीड वाजेपर्यंत मले द्या," अयूबभाई म्हणाले. "त्या दिवशी नावं कुठी गेली ते मी सांगतो."

"चाचा, हे घड्याळ नाई."

"माहीत आहे मले. पण दोन्ही माणसाच्याच हातानं बिघडतात."

२

पहिला सापडला दुकानातलाच पियुष. मागच्या खोलीत तो स्वतःच्या मशीनवर असा वाकून बसला होता, जसं काही पुढं झालेलं भांडण त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. बावीस-तेवीसचा, हुशार, आणि हुशार आहोत हे विसरू न देणारा.

"तो प्रोग्राम कशात बनवला, ते मले समजून सांग," अयूबभाई म्हणाले. "मी अडाणी आहो असं समज."

पियुष खुलला. प्रोग्राम बनवायचंही एक सॉफ्टवेअर असतं. ते बनवणारी कंपनी पक्का माल बाजारात आणायच्या आधी कच्च्या आवृत्त्या चाचणीला देते, म्हणजे चुका लोकांनीच शोधून कळवायच्या. त्याला ही पोरं 'बीटा' म्हणत. "दोन-दोन महिन्यांनी नवीन निघते, चाचा. आपण नेहमी सगळ्यांच्या पुढं! पक्क्या आवृत्तीत मराठी नावं छापली का नुसती प्रश्नचिन्हं येतात. बीटात झकास मराठी येते. म्हणून तर फरहाचा प्रोग्राम बीटात बनवला."

म्हणजे शिंप्यानं नुसता धावदोरा घालून दिलेला सदरा, अयूबभाईंच्या मनात आलं. मापाला घालून बघायचा. घालून लग्नाला जायचं नाही.

"आन् ह्या कच्च्या मालाले काही खोड?"

"एकच. आवृत्तीले मरणाची तारीख असते. ही सतरा जूनपर्यंत होती. अठरापासून ती बी बंद आन् तिच्यात बनवलेला प्रोग्राम बी बंद. कंपनीले जुना कच्चा माल लोकांकडं राहू द्यायचा नसते ना. मी सतरालाच नागपूरला गेलो, दोस्ताकडून नवी सीडी आणली."

"कधी आणली?"

"वीसला. दुपारी दोनच्या गाडीनं आलो."

यादी वीसला सकाळी छापली होती. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून अयूबभाईंनी टेबलावरची एक पिन उचलून खाली ठेवली.

"आल्यावर नवी आवृत्ती पुढच्या मशीनवर टाकली?"

"नाई. माह्याच मशीनवर टाकली. शहबाजभाई म्हणाले, पुढच्याले..." पियुष थांबला. त्याचे कान लाल झाले. "तुम्ही त्यांनाच विचारा चाचा. मले नोकरी आहे."

३

फरहा पायरीवर बसली होती. मामू येऊन शेजारी टेकले तशी ती म्हणाली, "तुम्हाला पण वाटते का मामू, मी विसरले?"

"घडीभर वाटलं," अयूबभाईंनी कबूल केलं. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, पण या पोरीला ते लगेच कळलं असतं. "म्हणून तर विचारून राह्यलो. सतराला तो बीटा मरणार होता. वीसला सकाळी तुहा प्रोग्राम चालला कसा?"

"शहबाजभाईनं सांगितलं ना! म्हणाले, नवी आवृत्ती टाकली पुढच्या मशीनवर, चालव बिनधास्त."

अयूबभाईंची चुळबुळ एकदम थांबली. नवी सीडी गावात यायच्या पाच तास आधी शहबाजनं ती मशीनवर टाकली होती. मोठाच कारागीर म्हणायचा.

"तुहा प्रोग्राम एखादं नाव सोडून देते, असं कधी होते?"

फरहानं विचार केला. "एकाच वेळी. काच पुढच्या तारखेची असली तर. म्हणजे आज सत्तावीस जून आहे आणि काचेवर पाच जुलै लिहिलं, तर ते लिहिणाऱ्याचं चुकलं ना? तसं नाव यादीत घेत नाही. पण गुपचूप सोडत नाही मामू! यादीच्या डोक्यावरच छापते, तारखेमुळं इतकी नावं सोडली. कोणी पण कागद हातात घेतला का आधी डोकंच वाचेल, म्हणून तिथं ठेवलं मी ते."

"मले दाखव."

शहबाजच्या टेबलावर दोन्ही याद्या होत्या, मागच्या गुरुवारची आणि आजची. फरहानं दोन्ही उचलल्या, आणि तिचा चेहरा उतरला. दोन्हींना डोकंच नव्हतं. वरची तीन बोटं कागद पट्टी लावून सरळ कापून काढला होता.

४

पुनम कोरपन्याजवळच्या एका खेड्यातली. गावातून शहरात नोकरीला आलेली पहिली मुलगी; त्यामुळं दिलेलं काम डोळे मिटून आणि नीट करायचं, एवढंच ती जाणत होती. कागद कोण कापतं म्हणून अयूबभाईंनी विचारलं तर तिनं टेबलावरची स्टीलची पट्टी भाबडेपणानं पुढं केली.

"मीच कापते ना भाऊ. दरखेपी. शहबाजभाऊनं सांगतलं होतं. बीटा सोताचं नाव छापते ना वरतं, ते मंडळाले दिसाले नाई पाहिजे म्हने. त्याईले शहबाजभाऊनं लिहून देल्लं, का दवाखान्याच्या कामात कच्चा माल वापरनार नाई म्हनून."

"हे मले कोणी सांगितलंच नाई!" फरहा ओरडली. "पुनम, त्या पट्टीवर मी..."

"मले का माहीत? मी वाचतच नाई वं. एक बीटाचं नाव दिसलं का पट्टी लावते नि कापते." पुनमचे डोळे भरले. "काई चुकलं का माहं?"

"कापलेलं कुठी टाकते?"

तिनं बोट दाखवलं. साठीला टेकलेले अयूबभाई टेबलाखाली शिरले. टोपलीत शेंगांची टरफलं, बसची तिकिटं, चहात भिजलेला कागद. मागच्या गुरुवारचा कचरा केव्हाच जळून गेला होता; पण आजची, दोन तासांपूर्वीची पट्टी वरच होती. त्यांनी ती मांडीवर घासून सरळ केली. तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीनं सांगितलं, की ही चाचणी आवृत्ती असून वाटपासाठी नाही. दुसरीत तारीख आणि वेळ होती. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि त्यावर अंगठा ठेवून फक्त तिसरी ओळ फरहाला दाखवली.

'तारखेमुळे सोडलेली नावं: ७.'

"सात?" फरहा पुटपुटली. "आजच्या यादीत? पण एकोणीस तर आलेत सगळे."

मागं कुणीतरी हललं. इसरू होता. इतका वेळ तो भिंतीला टेकून नुसता बघत होता. त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली.

"बावीस जूनले मी पुन्हा टोचली होती बोटं," तो म्हणाला. "नवा ताप निघाला ते लोक. त्यातले सात जन निघाले. पंचवीसले त्याईचा कागद इथी आला असन."

"आला होता," पुनम म्हणाली. "मी टाइप केला. फरहानं जमा केला, माह्यासमोर."

इसरूनं आजची यादी ओढली आणि बोट फिरवत वरून खालपर्यंत गेला. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यानं कागद सावकाश खाली ठेवला.

"हा बी कागद खोटा आहे," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

"सगळे पुढं या," अयूबभाईंनी हाक मारली. "शहबाज, तू बी ये."

पुढच्या मशीनसमोर ते उभे राहिले. फरहाच्या प्रोग्रामनं पडदा भरून टाकलेला होता. तारीख-वेळ त्यात कुठं दिसत नसे. त्यांनी अंगठ्याखालची पट्टी मशीनवर चिकटवावी तशी धरली.

"वीस जूनले एकोणीस नावं सुटली. त्या काचा बारा-तेरा जूनच्या, बाकी अकरा गावांच्या त्याच्या बऱ्याच आधीच्या. आज ती नावं आली, पण बावीस जूनची सात सुटली. नावं तीच, प्रोग्राम तोच. मंग बदललं काय? फक्त दिवस. फरहाचा नियम काय म्हणते? पुढच्या तारखेची काच घ्यायची नाई. म्हणजे वीस तारखेले ह्या मशीनले बारा जून अजून उगवलाच नव्हता! आन् आज बावीस जून उगवला नाई. वाच पियुष, आजच्या पट्टीवर कोणती तारीख आहे?"

"सतरा जून," पियुषनं वाचलं. त्याला सगळं एका क्षणात कळलं असावं, कारण त्यानं लगेच खाली मान घातली.

"दहा दिवस मागं. म्हणून सतराला मरणारा बीटा आजपर्यंत जिता आहे. आज त्याचा सतरावा जून आहे, म्हणजे उद्या हा तमाशा पुन्हा झाला असता."

शहबाज कोरडं हसला. "सेल गेला असन चाचा. मशीनच्या पोटात घड्याळाचा सेल असते, तो उतरला का तारीख मागं पडते. आपोआप. यात कोणाचा दोष नाई."

आता मात्र अयूबभाईंना मनापासून बरं वाटलं. चाळीस वर्षं ज्या गल्लीत घालवली, त्याच गल्लीत गडी आपण होऊन शिरला होता.

"तो सेल एप्रिलात मीच बसवला, विसरला? बरं, उतरला असं धरू. उतरलेल्या घड्याळाले तारीख-वार काही आठवत नाई बाबा. ते वीस-बावीस वर्षं मागं, त्याच्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जाऊन पडते. तास-मिनिटं बी बोंबलतात. नेमकं दहा दिवस मागं जाणारा सेल मी आजवर पाह्यला नाई. हे माणसाच्या हाताचं काम आहे. हात कोणाचा? फरहा अठराला वणीले होती, मीच घेऊन गेलो होतो. पियुष नागपूरले. दुकानात राह्यले दोघं. पुनम आन् तू."

पुनमच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊ, मले तारीख बदलता येतच नाई!"

"आली असती तरी तू नाई, बेटा." अयूबभाई पियुषकडे वळले. "काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून तारीख बदलायची तर मशीन काय काय विचारते?"

"तारीख विचारते, मंग वेळ विचारते."

"हां. वेळ बी टाकली त्यानं. आता मशीनले वेळ विचार."

पियुषनं कळा दाबल्या. पडद्यावर आकडे उमटले, एक वाजून सत्तावीस. अयूबभाईंनी मनगट पुढं केलं. त्यांचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावत. त्यात एक वाजून वीस झाले होते. भिंतीवरच्या घड्याळातही वीसच, कारण त्यालाही तेच चावी देत. पुनमच्या मनगटावर नुसत्या बांगड्या होत्या; ती भिंतीवरच वेळ बघे.

"सात मिनिटं पुढं," अयूबभाई म्हणाले. "ह्या सगळ्या गल्लीत सात मिनिटं पुढं एकच मनगट चालते. दाखव शहबाज."

शहबाजनं हात मागं घेतला. पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

६

"दहा दिवसांनी काय फरक पडते, असं वाटलं मले," शहबाज खुर्चीत बसला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "अठराला सकाळी मशीननं सांगितलं, मुदत संपली. वीसला यादी द्यायची होती. पियुष सीडी घेऊन कधी येते त्याचा भरोसा नाई. मंडळाले खरं सांगू, तर कच्चा माल वापरला हे निघते. म्हंतलं, थोडी मागं घेऊ, पियुष आला का नवी टाकू. मंग काम चालून राह्यलं, तर राहूनच गेलं. फरहा, तुह्या नियमाचं मले खरंच माहीत नव्हतं."

"नियमाचं माहीत नव्हतं, पण मी नवीन आवृत्तीवर काम करून राह्यली नाई हे तर माहीत होतं?" फरहा म्हणाली. "आज सकाळी फोन करताना माहीत होतं. तरी माझं नाव घेतलं."

आपण सुटलो याचा आनंद तिला व्हायला हवा होता, पण ती नुसतीच हात चोळत होती. "काचेची तारीख चुकू शकते एवढंच मला सुचलं मामू. आजची तारीख चुकू शकते हे नाही सुचलं. सुचायला पाहिजे होतं."

"ते मंग," अयूबभाई म्हणाले. "आधी यादी."

पियुषनं मशीनची तारीख सरळ केली, आणि केली तसा प्रोग्राम जागच्या जागी मेला. मुदत संपली, एवढंच पडद्यावर राहिलं. नवी सीडी टाकावी लागली. पाऊण तास सगळे त्या पडद्याला डोळे लावून बसले. मधेच वीज गेली, तेव्हा अयूबभाई उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. वीज आली तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. वाटेवरच्या आलापल्लीहून मंडळाला फोन आला होता, की पाणी आणखी चढलं, पण पूल अजून मोकळा आहे. जीप अर्धा तास थांबवून धरायचं मंडळानं कबूल केलं. तो फोन शहबाजनंच केला. "चूक माझी आहे, पोरीची नाही. तारीख मी फिरवली," एवढं तो सगळ्यांच्या देखत बोलला, आणि पलीकडून जे काही ऐकवलं गेलं ते त्यानं रिसीव्हर कानावरून न काढता ऐकून घेतलं.

दोन पस्तीसला यादी निघाली. इरुपमेटा, सव्वीस नावं. डोक्यावर लिहिलं होतं, तारखेमुळे सोडलेली नावं शून्य. पुनमनं सवयीनं स्टीलची पट्टी उचलली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

इसरूनं वही उघडून कागदाशेजारी ठेवली. एकेका नावावर बोट ठेवत तो पुढं सरकू लागला. नवव्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"काय झालं?" फरहा घाबरून म्हणाली. "चुकलं का?"

"नाई बाई. बरोबर आहे." त्यानं बोट उचललं नाही. "सोमारी. वय एकवीस. ही मंगळवारी गेली."

म्हणून हा माणूस दोन दिवसांचा प्रवास करून आला होता, आणि सकाळपासून भिंतीला टेकून उभा होता, आणि यातलं अक्षर बोलला नव्हता. अयूबभाईंना आपण मघाशी मनगट पुढं करून केलेला रुबाब आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे नाव काढते मी," फरहा कशीबशी म्हणाली.

"काढू नका. पुडी बांधू द्या. तिच्या बहिनीले सोमवारपासून ताप आहे. तिची काच घ्यायची राह्यली माही." त्यानं यादीची घडी घातली, वहीसोबत प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आणि पिशवी खांद्याला लावली. "आता हा कागद खरा आहे."

पुड्या बांधून व्हायला सव्वाचार झाले. मंडळाच्या दारात जीप घरघरत उभी होती. खोकी चढवणाऱ्यांत शहबाजही होता, ते अयूबभाईंनी पाहिलं. पण खोकी संपल्यावर तो खाली उतरला नाही. मागच्या बाकावर, हातात पिशवी नाही, अंगात दुकानातलाच सदरा, असा तो बसून राहिला.

"तू कुठी?" अयूबभाईंनी विचारलं.

"तिकडंच. कोणीतरी जाऊन सांगाले पाहिजे ना, चाचा."

फरहानं त्याला माफ केलं नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती. पण जीपच्या मागच्या पडद्याची दोरी सुटली होती ती तिनं ओढून बांधली.

इसरू चढला. शहबाजकडे पाहत त्यानं खोकं सरकवलं आणि तो त्याच्यासमोर बसला.

"तिथी तुमाले कोनी हात लावनार नाई," तो म्हणाला. "सोमारीचा नवरा आहे, पोचू नावाचा. तो विचारन, काऊन असं झालं. त्याले मराठी कमी समजते. हळू सांगा."